दगडू मिस्त्रीचा कान

आमच्या ह्यांना इंजिनाचं दुखणं नुसत्या कानानं कळतं, ही गोष्ट इकडं झाशीच्या मुलखात बिजौलीपासून समथरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. आमच्या ह्यांना ऐकू येत नाही, ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. अकरा वर्षं मी ती कुणाला कळू दिली नाही. पोटच्या पोरालासुद्धा नाही. आता सांगते, कारण आता लपवून तरी काय करायचंय.

अगदी ठार बहिरे नाहीत. दारात बँड आला तर मान वळवतात. पण भांडं पडलं, कुकरची शिट्टी झाली, कुणी मागून हाक मारली, तर ह्यांच्या लेखी काही झालंच नाही. पलटणीच्या वर्कशॉपात बावीस वर्षं काढली, मोठमोठ्या इंजिनांच्या पोटाशी डोकं घालून. कानात घालायला बोळे मिळायचे, हे घालायचे नाहीत. म्हणायचे, बोळे घातले तर इंजिन काय बोलतंय ते मला कसं कळायचं. हट्टी माणूस. बबिन्याच्या छावणीतून रिटायर झाले, गावाकडं माणदेशात आता आपलं कोण आहे म्हणून इथंच बिजौलीच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. त्याच वर्षी एकदा माझ्या हातून पाण्यानं भरलेली घागर ह्यांच्या पाठीमागं फरशीवर आदळली. शेजारीण धावत आली. हे दाढी करत होते, ते करतच राहिले.

 चार दिवसांनी मी म्हटलं, "डॉक्टरकडं जाऊन येऊ."

"कशाला? मला सगळं कळतंय."

कळत होतंच. माझ्या तोंडाकडं बघून माझा शब्दन् शब्द ओळखायचे. जयसिंगचं, म्हणजे आमच्या पोराचं, निम्मं. परक्या माणसाचं त्याहून कमी, आणि त्याला झुपकेदार मिशा असल्या तर काहीच नाही. कळलं नाही की मान हलवायची आणि "हो, हो, चालायचंच" म्हणायचं, ही ह्यांची रीत. लोकांना वाटायचं, मिस्त्री मोठा समजूतदार माणूस आहे.

मिस्त्री म्हणून नाव मोठं होतं ना. जुनी गाडी घ्यायची तर आधी दगडू मिस्त्रीला दाखवायची, असा इकडं रिवाजच पडला होता. त्या पहिल्या वर्षात समथरच्या एका व्यापाऱ्यानं ह्यांना जुनी जीप बघायला बोलावलं. मला तिथल्या बाजारातून लाल मिरची आणायची होती, म्हणून मीही गेले. ह्यांनी स्क्रू फिरवायचा लांब पेचकस घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि उभे राहिले. चेहऱ्यावर काही दिसेना. मला कळलं, ह्यांना काही ऐकू येत नाहीये आणि सगळे ह्यांच्या तोंडाकडं बघतायत. 

मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "अहो, आत हे उखळात कांडल्यासारखं काय वाजतंय?"

मराठीतच बोलले. तिथं कुणाला कळणार होतं? ह्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग इंजिनाकडं, मग व्यापाऱ्याला म्हणाले, "मत लीजिए. बेरिंग गया है." मागनं त्या जीपवाल्यानं इंजिन खोललं तेव्हा तसंच निघालं. व्यापारी ह्यांच्या पाया पडायचाच काय तो बाकी राहिला.

परतताना बसमधनं उतरून आम्ही चालत निघालो. घराच्या वळणावर आल्यावर म्हणाले, "फुडल्या खेपंला तू बी चल."

तेव्हापासून मी जाऊ लागले. बघा, सगळं काही मीच करत होते असं नाही. गाडी बघायचं ह्यांचं काम पक्कं होतं. आधी बोनेटवर पालथा हात ठेवायचा. कोमट लागलं तर मालकानं गाडी आधीच चालू करून तापवून ठेवलीय, म्हणजे काहीतरी झाकायचंय. मग तेलाची पट्टी ओढून तेल दोन बोटांत चोळायचं, हुंगायचं. टायर एका अंगानं झिजलेत का बघायचं. पायाखालच्या चटया उचलून गंज शोधायचा. गोणपाट अंथरून गाडीखाली आडवं व्हायचं आणि पाठीला खडे टोचले तरी पंधरा-वीस मिनिटं तिथंच राहायचं. हे सगळं ह्यांचं. इंजिन सुरू झालं की मात्र माझी पाळी. मी शेजारी उभी राहून कुरकुरायचे. उखळ कांडतंय म्हणायचे, नाहीतर कुणी सूप पाखडतंय म्हणायचे. सगळं ठीक असलं तर म्हणायचे, ताक घुसळतंय, चला आता घरी. लोकांना वाटायचं म्हातारी घरच्या कामाचं रडगाणं गातेय.

"काए मिस्त्रीजी, भौजी खों संगै काए लै आउत?" बायकोला बरोबर कशाला आणता, असं कुणी चेष्टेनं विचारलं की हे हसायचे. म्हणायचे, "घर पे छोडूँ तो और बोलती है." मीही हसायचे. पण खरं सांगते, त्या अकरा वर्षांत आम्ही जेवढं नवराबायको होतो तेवढं आधी कधीच नव्हतो. क्वार्टर मिळेपर्यंत पलटणीनं तर ह्यांना माझ्या वाट्याला वर्षाकाठी दोनच महिने दिलं होतं.

जयसिंगला वाटायचं, बाप म्हणजे बाप. लहानपणापासून ऐकत आलेला, "दगडू मिस्त्री का कान." मित्रांना सांगायचा, बाबूजी एक बार सुन लें तो बस. मराठी त्याला सगळी कळते, पण बोलायला लागला की दोन शब्द मराठी नि चार हिंदी. एकुलता एक. बिजौलीतच मटार निवडून पोत्यात भरायच्या कारखान्यात सुपरवायझर होता. अकराव्या वर्षी पावसानं दगा दिला. विहिरी दसऱ्यालाच तळाला गेल्या, मटार शेतात उभा वाळला, आणि कारखान्याच्या मालकानं पौषात सगळ्यांना हिशेब देऊन घरी पाठवलं.

पोरगं पंधरा दिवस घरात बसून होतं. मी बियाण्याच्या शेंगा फोडायचं काम घरी आणायचे, दिवसाला एक पोतं. अंगठ्याच्या कातडीला भेगा पडायच्या, त्यात मीठ गेलं की जीव जायचा. जयसिंग समोर बसून शेंगा फोडायला लागला तेव्हा मला रडू आलं. तीस वर्षांचा धट्टाकट्टा पोरगा. सूरतेहून त्याच्या मित्राचा फोन येत होता, आ जा, लूम पे काम है, कापडाच्या मागावर. गेला असता तर पुन्हा कधी आला असता? आम्ही नाही का आमच्या गावाहून निघालो ते निघालोच.

तेवढ्यात एक गोष्ट जमून आली. मसाले भरायच्या कारखान्याला गावागावांतून बायका आणायला-सोडायला गाडी पाहिजे होती. ठेकेदार जयसिंगला ओळखत होता. म्हणाला, एक तारखेच्या आत व्हॅन घेऊन आलास तर काम तुझं. मटारच्या कारखान्यानं जे हातावर ठेवलं होतं त्यात जुनी व्हॅनच येणार. जयसिंग चार दिवस सायकलवर झाशी पालथी घालून आला आणि दारातूनच म्हणाला, "आई, मिल गई. लक्ष्मी ताल के पास. गोविंदराव नाम है, अपने ही लोग हैं, मराठी. पाच पिढ्यांपासून इकडेच आहेत. उद्या बाबूजींना घेऊन जायचं."

पोर हसत होतं आणि मी त्या एका शब्दाशीच अडले. मराठी घर. मी तिथं तोंड उघडलं तर सगळ्यांना कळणार, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले तरी पोराच्या नजरेला येणार.

जयसिंग आंघोळीला गेल्यावर मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "पोराला सांगून टाकू. दुसरा कुणी मिस्त्री घेऊन जाऊ दे."

"दुसरा कोण?" ह्यांनी हातातली विडी विझवली. "झाशीत दुसऱ्याच्या गाड्या म्या बघायच्या आन् माज्या पोराची गाडी दुसऱ्यानं?"

"मग त्याला तरी खरं सांगा."

"पोराम्होरं नको, हौसे."  मग म्हणाले, "तू बोलू नको. निस्ती उभी ऱ्हा. खराब वाजलं तर माजं कोपर धर. चांगलं असलं तर लांब ऱ्हा. मला कळंल."

मला पटलं. आता वाटतं, तिथंच पाय धरून बसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं लक्ष्मी तालाला, त्या तळ्याकाठच्या वस्तीत गेलो. घर साधंच, पुढं अंगण, अंगणात पांढरी व्हॅन. गोविंदराव सत्तरीचे, पांढऱ्याशुभ्र मिशा ओठांवर उतरलेल्या. बोलणं जुन्या वळणाचं. "यावं, यावं. मुलगा भोपाळला नोकरीस लागला. तो ओरछ्यास प्रवासी नेत असे. आता गाडी उभीच आहे." ह्यांनी मान हलवली. ह्यांचं लक्ष त्या मिशांकडं होतं, माझंही.

ह्यांनी बोनेटवर हात ठेवला. गार होतं. मला बरं वाटलं, माणूस लबाड नाही. मग तेल झालं, टायर झाले, चटया झाल्या. गोणपाट टाकून गाडीखाली गेले. बासष्टाव्या वर्षी बाहेर निघताना जयसिंगनं हात दिला तर हात झटकून स्वतःच उठले. पाठीला माती, कोपराला खरचटलेलं. "चेसिस सीधा है," म्हणाले. जयसिंगचा चेहरा खुलला. मी ह्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले, हात कोपराशी पोचेल अशी.

एवढ्यात घरातून गोविंदरावांची बायको बाहेर आली. राधाबाई. गोरीपान, ठसठशीत कुंकू. माझ्याकडं बघितलं, माझं नऊवारी लुगडं बघितलं, आणि तिचे डोळे भरूनच आले. "अगंबाई, सवाष्ण दारात उभी आणि मी आत बसलेय. संक्रांतीचं हळदीकुंकू मांडलंय, चला आत."

"नको, असू द्या, हे गाडी बघतायत," मी म्हटलं.

"पुरुषांना बघू दे की. बोलावणं करायला इथे मराठी बायका मिळतात कुठे? तीन जणी जमल्यात कशाबशा. तुम्ही आलात, देवीनंच पाठवलं." तिनं माझा हात धरला. हळदीकुंकवाला नाही कसं म्हणायचं? आपल्यात कुणी म्हटलंय कधी? मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मानेनंच जा म्हटलं. अजून जयसिंग बॅटरीच्या तारा बघत होता. मला वाटलं, इंजिन सुरू व्हायला वेळ आहे, कुंकू लावून पटकन बाहेर येऊ.

आत पाट मांडलेला. तीन बायका मराठीत बोलत होत्या. माझं गाव म्हसवड म्हटल्यावर ते एकीच्या ओळखीचं निघालं, तिच्या मावशीचं सासर तिथलं. तिळगूळ हातावर पडला. अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. किती वर्षांनी. बबिन्याला क्वार्टरमध्ये असायचं हे सगळं, रिटायर झाल्यावर सुटलं ते सुटलंच. मी विसरले असं नाही म्हणणार. कान बाहेर होता. पण मला बरं वाटत होतं. हे मी कुणाला कबूल केलेलं नाही. मला तिथं बसून राहावंसं वाटत होतं.

राधाबाई माझी ओटी भरायला बसली आणि बाहेर गाडी सुरू झाली. पहिल्यांदा ताकच घुसळलं. मग जयसिंगनं जोर दिला असेल, तर त्यात मधूनच काहीतरी वाजलं. खोल, दबलेलं. उखळ. मी पदर पसरून बसलेली, पदरात तांदूळ, सुपारी, नारळ. म्हटलं, भिंतीआडून ऐकतोय आपण, नीट कळलं नसेल. राधाबाईनं गळ्यात हार घातल्यासारखे दोन्ही हात माझ्या खांद्यावर ठेवले, पाया पडली. मग मी तिच्या पाया पडले. मग हातात स्टीलची वाटी दिली.

बाहेर आले तेव्हा गाडी बंद झाली होती. ह्यांचा हात गोविंदरावांच्या हातात होता. जयसिंग बापाकडं बघत हसत होता. हे माझ्याकडं वळले. माझ्या दोन्ही हातांत ओटीचा पदर आणि वर ती वाटी. हे माझ्या हातांकडं बघत होते, मला दिसत होतं. कोपर धरायचं तर ओटी सोडावी लागली असती. भरलेली ओटी राधाबाईच्या दारात सांडायची? मी तशीच उभी राहिले. ह्यांनी मान हलवली आणि जयसिंगला म्हणाले, "ले ले. बढिया है."

सांडली असती तर सांडली असती. तांदूळच होते.

त्याच व्हॅनमधून आम्ही घरी आलो. मी मागच्या सीटवर. किल्ल्याखालच्या चढाला गाडी लागली आणि पुढून स्पष्ट उखळ वाजायला लागलं. आता भिंत नव्हती. जयसिंग आरशातून मला विचारत होता, "कैसी है आई?" मी म्हटलं, छान आहे.

सकाळी तो ठेकेदाराकडं गेल्यावर मी ह्यांना सांगितलं. उखळ आहे म्हटलं. ह्यांनी माझ्या तोंडाकडं असं बघितलं, जसं मी शिवी दिली.

"काल का न्हाई कोपर धरलंस?"

"हात भरले होते."

 मी म्हटलं, अजून परत करता येईल, जाऊ आपण. तर म्हणाले, "आन् पोराला काय सांगू? काल चांगली म्हनलो, आज वाईट का म्हनतोय?" संध्याकाळी जाड तेल आणून ओतलं. आवाज दबला. "आता?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, कमी आहे. "जुन्या गाड्या बोलत्यातच," म्हणाले, आणि दोघांनीही त्यावर विश्वास ठेवला.

एकोणीस दिवस गाडी चालली. पहाटे जयसिंग निघायच्या आधी हे उठायचे, बादली घेऊन गाडी धुवायचे. माघातल्या थंडीत बोटं निळी पडायची. काचा पुसायचे, सीटा झाडायचे. जयसिंग म्हणायचा, "बाबूजी, रहने दो." हे ऐकायचेच नाहीत. तो निघाला की दारात उभी राहून मी आवाज ऐकायचे आणि आत आल्यावर हे माझ्या तोंडाकडं बघायचे. पहिले आठ दिवस मी खरं सांगितलं. मग ठीक आहे, ठीक आहे, एवढंच म्हणायला लागले. घरात आनंद होता हो. पोरगं रात्री जेवताना कारखान्यातल्या बायकांच्या गमती सांगायचं, ह्यांना नीट कळायच्या नाहीत तरी हे हसायचे. सूरतेचं नाव निघेनासं झालं होतं.

विसाव्या दिवशी सकाळी अकरा बायका घेऊन येताना रस्त्यात इंजिन फुटलं. आतला दांडा तुटून बाहेर आला, सगळं तेल डांबरावर. कुणाला लागलं नाही, तेवढी देवीची कृपा. बायका डबे घेऊन दोन कोस चालत कारखान्यावर गेल्या, उशीर झाला म्हणून त्यांची अर्धी हजेरी मांडली. दुपारी ठेकेदारानं दुसऱ्याची गाडी लावली. व्हॅन बैलगाडीला बांधून दारात आणली. सगळा मोहल्ला बघायला जमला. दगडू मिस्त्रीची गाडी, बैलांनी ओढलेली. एकजण तर हसला. हे ओट्यावर बसले होते, त्यांना तो हसताना दिसला.

ह्यांनी इंजिन खोललं, नुसतं बघितलं आणि हात पुसले. नवीनच घालावं लागणार होतं. त्याला पैसे कुठून आणणार?

जयसिंग चिडला तो गोविंदरावांवर. "धोका दिया बुड्ढे ने. त्याला माहीत होतं. बाबूजी के सामने आवाज दबा के रखी होगी, कुछ डाला होगा तेल में." हे खाली बघत म्हणाले, "असंल." मला तो शब्द आवडला नाही. जयसिंग म्हणाला, उद्या चार पोरं घेऊन जातो आणि त्यांच्या दारात तमाशा करतो, सगळ्या तालाला कळू दे. मी म्हटलं, थांब, आधी मी जाऊन येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. टेम्पोत बसून मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. गोविंदराव तुळशीला पाणी घालत होते. मी उभ्या उभ्या म्हटलं, "सवाष्णीची ओटी भरता आणि तिच्या पोराच्या गळ्यात असली गाडी बांधता?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. झाला प्रकार ऐकून घेतला. मग म्हणाले, "बाई, मी मिस्त्रींस सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"आपले चिरंजीव आत बसून रेस देत होते. मी त्यांच्या बाजूस उभा होतो. म्हटलं, मिस्त्री, जोर दिला की आत ठकठक येते. येथल्या दोघांस दाखवलं, ते म्हणाले इंजिन खोलावं लागेल. म्हणून तर मी किंमत उतरवून सांगितली. दोनदा सांगितलं. ते म्हणाले, हो, हो, चालायचंच." म्हाताऱ्यानं तुळशीकडं हात केला. "मला वाटलं, एवढा नावाजलेला माणूस, घरीच दुरुस्त करून घेईल. मी लपवलं नाही हो. देवीसमोर सांगतो."

राधाबाई दारात येऊन उभी होती. म्हणाली, "आत या ना, चहा घ्या." तिला कळत नव्हतं मी अशी का उभी आहे.  मी दोघांच्या पाया पडले आणि निघाले.

घरी आले तर जयसिंग तयार होता. मित्र नाक्यावर थांबले होते. हे खाटेवर बसलेले. "क्या बोले?" जयसिंगनं विचारलं.

एक खोटं बोलले असते तर ह्यांचं झाकलं असतं. म्हातारा लबाड आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मग पोरं जाऊन त्या माणसाला त्याच्या अंगणात शिव्या घालणार, कदाचित हातही उचलणार. मी ह्यांच्याकडं पाठ केली. मुद्दाम केली, तोंड दिसू नये म्हणून. आणि जयसिंगला सगळं सांगितलं. घागर पडली तिथपासून. समथरची जीप, उखळ, सूप, कोपर, ओटी, आणि गोविंदराव दोनदा काय म्हणाले ते.

पोरगं दाराच्या चौकटीला टेकलं. मग हळूच म्हणालं, "आवाज तो मैंने भी सुनी थी, आई. पर बाबूजींनी मान हलवली ना. मला वाटलं, माझंच चुकत असेल."

मागून हे विचारत होते, "काय म्हनली? काय म्हनला त्यो?"

जयसिंग माझ्या बाजूनं पुढं गेला. ह्यांच्यासमोर उकिडवा बसला, तोंड ह्यांच्या तोंडासमोर आणलं, आणि लहान मुलाला शिकवतात तसं एकेक शब्द सोडवून, मोठ्यानं म्हणाला, "बाबा. तुमची. गलती. नाही."

त्यानं ह्यांना आयुष्यात बाबा म्हटलं नव्हतं. मराठीत बोललं की बापाला लवकर कळेल, असं त्याला वाटलं असेल. हे त्याच्या ओठांकडं बघत होते. पोरगं असं का बोलतंय ते ह्यांना कळलं, आणि मग ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सांगितलंस?"

"हो."

"बरं," म्हणाले.

आठ दिवसांनी जयसिंग सूरतेला गेला. स्टेशनवर हे आले होते, गाडी हलल्यावर हातही केला. घरी आल्यावर विडी ओढत बसले. रविवारी पोराचा फोन येतो, मी ऐकते, नीट आहे म्हणतो, लूमवर फार गोंगाट असतो म्हणतो. कानात बोळे घालतोस का, असं मी दर वेळी विचारते.

तो काय म्हणाला ते मी ह्यांना सांगायला जाते. हे माझ्याकडं बघत नाहीत. मी बोलायला लागले की मान फिरवून बाहेर बघतात. ताट वाढते, मीठ बरोबर आहे का विचारते, हे ताटात बघतात. समथरहून एकजण गाडी दाखवायला बोलवायला आला होता, त्याला हातानंच नाही म्हटलं. रागावलेत म्हणावं तर आवाज चढवत नाहीत, माझ्या फुटलेल्या अंगठ्यांना लावायला मलमाची डबी आणून चुलीपाशी ठेवली होती परवा. पण तोंडाकडं बघत नाहीत, आणि मग मी दिवसभर बोलले काय नि न बोलले काय.

काल मला राहवलं नाही. खाटेसमोर जाऊन बसले. दोन्ही हातांनी ह्यांची हनुवटी धरून चेहरा माझ्याकडं वळवला आणि म्हटलं, "अहो, माझं चुकलं. बघा तरी माझ्याकडं."

ह्यांनी डोळे मिटून घेतले.